वलगावची पावणेदहाची बस

बाई,

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. गेल्या महिन्यात माझी लेक शाळेतून आली, ताटावर बसली आणि पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली की बसमध्ये एक माणूस सारखा तिच्या अंगावर रेलत होता. ती उठून उभी राहिली, "मी यांना ओळखत नाही, हे मला मुद्दाम खेटताहेत" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली आणि कंडक्टर ताईंजवळ जाऊन बसली. ताईंनी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलं. एवढं सांगून तिनं वरण मागितलं. मी वाढलं खरं, पण अर्धं वरण ताटाबाहेर सांडलं. ती बारा वर्षांची आहे. मी अकरा वर्षांची होते तेव्हा हेच सांगायला मला किती दिवस लागले, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी सहावीत होते. वलगावहून अमरावतीला तुमच्या शाळेत यायची. परतवाड्याकडून येणारी पावणेदहाची बस गच्च भरून यायची आणि त्या बसमध्ये एक माणूस माझ्यासाठी जागा धरून ठेवायचा. पांढरे स्वच्छ कपडे, मांडीवर चामड्याची बॅग, बोलायला गोड. सगळे त्याला काका म्हणायचे. "ये बेटा, बस इथं," म्हणायचा, खिशातून लिंबाची गोळी काढून द्यायचा, गणितात किती मार्क पडले ते विचारायचा. असे दहा-बारा दिवस गेले. मला तर अभिमान वाटायचा, की एवढ्या गर्दीत माझी जागा राखीव असते. मग एक दिवस बॅगेखालून त्याचा हात आला. मी हलले नाही. ओरडले नाही. समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेली अक्षरं होती, ती अमरावती येईपर्यंत वाचत राहिले. उतरताना तो म्हणाला, आपली गंमत कोणाला सांगायची नाही. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की पोट दुखतं.

पोट पाच दिवस दुखलं. आईनं ओवा दिला, हिंग लावला. सहाव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात उभ्या. शाळेतली बाई घरी येते म्हणजे काहीतरी भयंकर झालं, एवढंच मला कळत होतं. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, पदरानं पाट पुसून तुम्हाला बसायला देते आहे, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता तिला विचारता आहात की यंदा तूर कशी आहे. चहा झाला. मग तुम्ही म्हणालात की हिला माझ्यासोबत स्टँडपर्यंत येऊ द्या.

पेढी नदीच्या पुलावर तुम्ही थांबलात. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही काहीच विचारलं नाही. वर्गात तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायच्या, त्या दिवशी मात्र आमच्यासारखं बोललात. म्हणालात, "मी तुयाएवढी होती तवा अकोल्याले पॅसेंजर गाडीनं शाळेत जात होती. एका माणसापायी मी ती गाडी सोडली. दोन वर्षं पायी गेली, दीड कोस जायाचं, दीड कोस यायाचं. मायले आजपर्यंत सांगितलं नाही." आणि नदीकडे बघत राहिलात. तेव्हा मी बोलले. कसं बोलले ते आठवत नाही, शेवटी हुंदके देत होते एवढं आठवतं. तुम्ही मला जवळ घेतलं नाही, आधी विचारलंत, "हात धरू का?" मी मान हलवल्यावर धरलात. "तुही काहीच चूक नाही," तुम्ही म्हणालात. "समदी चूक त्याची हाये. अन् आता तू एकटी नाही."

बसचा विचार सोडून तुम्ही मला घेऊन परत घरी आलात. वाटेत विचारलंत, आईला मी सांगू की तू सांगशील? मी म्हटलं, तुम्ही. आईनं सगळं ऐकलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलथली नाही. म्हणाली की मग शाळा बंद करू, घरी राहील, काय करणार. तिचाही इलाज चालत नव्हता, बाई, हे आता मला समजतं. तुमचा आवाज चढला नाही. तुम्ही तिला एवढंच विचारलंत, "पोरीची शाळा बंद केली, तर शिक्षा कोणाले झाली?" आईनं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या प्रश्नावर उभं आहे.

मग मागच्या अंगणात तुम्ही मला ओरडायला शिकवलंत. "हात लावू नका" हे तीन शब्द मी मांजराच्या पिलासारखे काढले. तुम्ही म्हणालात, एवढ्या आवाजानं ही म्हैससुद्धा मान वळवायची नाही. दहाव्यांदा म्हशीनं मान वळवली तेव्हा तुम्ही हसलात आणि आईही, डोळे पुसत, हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही अमरावतीहून उलट्या बसनं वलगावला आलात आणि माझ्यासोबत पावणेदहाच्या बसमध्ये चढलात. तुम्ही मुद्दाम मध्ये दोन माणसं सोडून माझ्या मागे उभ्या राहिलात. तो होता. जागेवरची बॅग उचलून म्हणाला, "ये बेटा." मी म्हटलं, "मी तुमच्याजवळ बसनार नाही. तुमी मले नको तिथं हात लावता." तो हसला, पोट्टीचं डोकं फिरलं म्हणाला. कुणीतरी म्हणालं की लहान आहे, गैरसमज झाला असेल, जाऊ द्या. तेव्हा तुम्ही पुढे आलात, माझ्या शेजारी उभ्या राहिलात आणि कंडक्टरला सांगितलंत की गाडी पोलीस चौकीवर घ्या. कंडक्टर कुरकुरला, की बाई, गाडीले उशीर होईल, वरून मले विचारतील.

"उशीर माझ्या नावावर लिहा," तुम्ही म्हणालात.

आणि मागच्या बाकावरून आठवीतली एक मुलगी उठली. तिनं, वर्गात हजेरीला करावा तसा, हात वर केला. म्हणाली, "मले पण." कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे, आणि दोरी ओढून पुढे जाऊन ड्रायव्हरला सांगितलं. चौकी येईपर्यंत दोन बायका दारात आडव्या उभ्या राहिल्या, त्याला उतरू दिलं नाही. पुढे त्याचं काय झालं ते मला नीट कधी कळलं नाही. त्या बसमध्ये तो परत दिसला नाही, एवढं खरं.

मला फार चढलं होतं, बाई. आठवड्याभरात मी वर्गात सांगायला लागले की मी कशी ओरडले, आणि ती आठवीतली इतके दिवस गप्प बसली, भित्री. तुम्ही ऐकलंत. मला व्हरांड्यात बोलावून इतक्या कडक आवाजात बोललात की अजून कानात आहे. "तू कितीदा गप्प बसलीस?" मी खाली पाहिलं. भीतीनं माणूस थिजतो, त्यात त्याचा गुन्हा नसतो, आणि गप्प राहिलेल्याला पुन्हा भित्रा म्हणशील तर माझ्याशी गाठ आहे, असं म्हणालात. मी त्या मुलीची माफी मागितली. आजही कुणी म्हणालं की तिनं तेव्हाच का नाही सांगितलं, की मला तो व्हरांडा दिसतो.

त्यानंतर दर शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही बाकांची बस करायच्या. तुम्हीच छत्री आणि पिशवी घेऊन तो माणूस व्हायच्या, आम्ही पोटभर हसायचो आणि हसता हसता शिकायचो. मोठा माणूस गुपित ठेवायला सांगतो तिथेच काळंबेरं आहे. ओळखत नाही असं ओरडून सांगायचं, नाहीतर लोकांना वाटतं घरचं भांडण आहे. एकानं विश्वास ठेवला नाही तर दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं नाही तर तिसऱ्याला. एकदा तर स्टँडवरचे दोन कंडक्टर तुम्ही वर्गात आणून बसवले होते, बिचारे टोप्या हातात घेऊन अवघडून ऐकत होते. तेव्हा असलं कुणी बोलत नव्हतं. शाळेतल्या बाकीच्या बायका तुमच्या पाठीमागे काय म्हणायच्या ते आमच्या कानावर यायचं. तुमच्याही येत असणारच. शनिवार एकही चुकला नाही.

मी आता बार्शीटाकळीला शाळेत शिकवते, अकोल्याहून रोज बसनं जाते. माझ्या वर्गातही बाकांची बस होते, आणि तिच्यात मी मुलांनाही बसवते, कारण धोका मुलींनाच असतो असं नाही. पालक सभेत हे स्वच्छ शब्दांत बोलते. लोक म्हणतात, मॅडम धीट आहेत.

म्हणून हे सांगायला हवं. तुमच्या निवृत्तीच्या समारंभाला जुन्या विद्यार्थिनींतर्फे बोलायला मला उभं केलं होतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं, दुसऱ्या रांगेत सासूबाई आणि नणंद बसल्या होत्या. मी तुमच्या सुंदर अक्षराबद्दल बोलले, तुम्ही फळ्यावर काढायच्या त्या नकाशांबद्दल बोलले, वक्तशीरपणाबद्दल बोलले. त्या बसबद्दल अवाक्षर काढलं नाही. तुम्ही व्यासपीठावरून माझ्याकडे बघत होता आणि सगळं समजल्यासारखी मान हलवत होता. खाली उतरल्यावर तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "छान बोललीस." मी छान बोलले नव्हते, बाई. मी घाबरले होते.