बाटलीवरचं नाव

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल रात्री चार वेळा उठलो. चौथ्यांदा बाथरूममधून बाहेर आलो तर शिशिर ग्लास हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा! पाणी प्यायला आला होता म्हणे. पोटच्या मुलानं माझ्या लघवीवर पाळत ठेवावी, ही वेळ आली.

सकाळी नवा रायपूरला ऑफिसला निघताना म्हणाला, "पापा, कब तक टालोगे? एक बार यूरोलॉजिस्ट को दिखा लो ना." मराठीत विचारा, उत्तर हिंदीतच. म्हटलं, सत्तरीला आलं की सगळेच उठतात. तर म्हणे अपॉइंटमेंट घेऊन झाली, गुरुवारची. मला न विचारता! कुठेतरी पाणी मुरतंय.

५ नोव्हेंबर

वरण अळणी. विमलाला विचारलं तर म्हणाली, "मलेच खारट खाववत नाही हल्ली." चाळीस वर्षांत हिच्या तोंडून खारट झालं असं कधी ऐकलं नाही! शिशिरनं पढवलं असणार, पापांचं मीठ कमी कर म्हणून. मायलेक मिळालेले आहेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शंकर नगरात गेलो, विमलाही सोबत. डॉक्टर निरंजन, आपल्याच समाजातला, शिशिरपेक्षाही लहान दिसतो. धार बारीक झाली का? थांबून थांबून होते का? जळजळ? ताप? कधी रक्त? पहिल्या दोन प्रश्नांना हो, बाकी तिन्हींना नाही म्हटलं. जास्त एक शब्द बोललो नाही. म्हणाला, काका, प्रोस्टेट वाढली असेल, या वयात बहुतेकांची वाढते. घाबरू नका, पण रक्त दिसलं, ताप आला किंवा लघवी अडकली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. मग लघवी, रक्त, सोनोग्राफी — लिहीतच सुटला.

आणि लॅब कुठे? त्याच इमारतीत, तळमजल्यावर! वर डॉक्टर, खाली लॅब. एकतीस वर्षं नापतोल निरीक्षक होतो मी. किराणा दुकानं, पेट्रोल पंप, ट्रक तोलायचे धर्मकाटे, सगळ्यांची मापं तपासली. दुकानदार फार गोड बोलायला लागला की आधी तराजू बघायचा, हे मला कोणी शिकवायला नको.

खाली उतरताना विमला जिन्याच्या पायरीवरच बसली. म्हणाली, "मलेबी एकदा दाखवून द्यायचं का हो? पाय लई जड वाटून राहिले." पाहा! एक पेशंट आत गेला आणि बाहेर येईपर्यंत दोन झाले. डॉक्टरकडे आलं की प्रत्येकाला काहीतरी दुखायला लागतं. म्हटलं, घरी चल, चहा घे, बरं वाटेल.

७ नोव्हेंबर

सुचलं! आमच्या खात्यातली जुनी रीत. काट्यावर शंका असली की ज्याचं वजन आपल्याला आधीच पक्कं माहीत आहे अशी वस्तू त्यावर चढवायची. काटा खोटं बोलला की रंगेहाथ सापडला.

म्हणजे मला निरोगी माणसाची लघवी पाहिजे. बागेतल्या माझ्या दोस्ताची, देवीदासची चालणार नाही, त्याला साखर आहे. शिशिरला सांगायची सोय नाही. राहिली विमला. शिशिरच्या जन्माचे पाच दिवस सोडले तर तिनं दवाखान्याची खाट पाहिलेली नाही. दोन वर्षांपासून तेवढे गुडघे दुखतात, त्याची गोळी रोज घेते. मीच आणतो मेडिकलमधून, पट्टीवरची तारीख आणि छापील किंमत तपासून. बाकी ठणठणीत. घरातलं प्रमाणित वजन म्हणजे विमला!

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी लॅबची बाटली तिच्या हातात दिली. भरून दे म्हटलं. मला वाटलं, आता विचारेल काहून म्हणून. ही बाई कोथिंबीर आणायला पाठवलं तरी काहून विचारते! आज एक शब्द नाही. दोन मिनिटांत भरून, झाकण घट्ट लावून, बाहेरून पुसून आणून दिली. हे मला जरा खटकलं.

बाटलीत फेस. रॉकेल मोजताना फेस बसू द्यायचा आणि मग माप वाचायचं, म्हणून पाच मिनिटं टेबलावर ठेवली. बसेना. दहा मिनिटं झाली तरी तसाच. बाटली लॅबची — आत साबण राहिला असणार! नोंद करून ठेवली. वर माझं नाव लिहिलं, पांडुरंग, वय ६९, पुरुष, आणि स्वतः नेऊन दिली. रक्त देत नाही म्हटलं, आधी एवढा रिपोर्ट येऊ द्या.

१० नोव्हेंबर

सापडले! रिपोर्टमध्ये प्रोटीन तीन प्लस, रक्ताच्या लाल पेशीही. निरोगी बाईच्या लघवीत! संध्याकाळी देवीदासला बागेत सगळं सांगितलं. हसून हसून त्याला ठसका लागला. म्हणाला, "तू रिटायर नाही झाला बे अजून!" फार दिवसांनी छान झोप लागली. दोनदाच उठलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रिपोर्ट डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, ही लघवी माझी नाही, माझ्या बायकोची आहे. आता बोला! मला वाटलं, चेहरा उतरेल, सारवासारव करेल. तो हसला नाही, रागावला नाही. रिपोर्ट पुन्हा वाचला आणि विचारलं, "काकूंच्या पायांवर सूज असते का? सकाळी डोळे सुजतात? लघवीला फेस येतो? दुखण्याची एखादी गोळी रोज घेतात का?"

म्हटलं, गुडघ्याची घेते. कधीपासून? दोन वर्षं, रोज. त्याचं पेन थांबलं. म्हणाला, "ती गोळी आजच बंद करा, काका. आणि काकूंना उद्या किडनीच्या डॉक्टरकडे न्या. नेफ्रोलॉजिस्ट. मी लघवीच्या वाटेचा डॉक्टर, हे काम त्यांचं आहे. पुढच्या महिन्यावर नका ढकलू." पायाची सूज कशी बघायची तेही दाखवलं. नडगीवर अंगठा दाबायचा आणि खड्डा राहतो का ते बघायचं.

म्हणजे चोरी पकडली तर आता दुसरा डॉक्टर! आधी लॅब, मग हा, मग तो. कड्या जोडतच चालले आहेत. त्यानं लिहून दिलेली चिठ्ठी खिशात घातली आणि निघून आलो. घरी कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी विमलानं गोळी मागितली. म्हटलं, मेडिकल बंद होतं. त्या डॉक्टरचं ऐकलं म्हणून नाही. असंच.

१३ नोव्हेंबर

विमलाची चप्पल दारात पडून असते, ती माझी रबरी स्लिपर घालून फिरते. विचारलं तर म्हणते, "तुमची सैल आहे." सकाळी डोळे सुजलेले. रडली का? शिशिरशी काही बोलणं झालं का? डॉक्टरनं हिला परस्पर फोन तर केला नाही ना? मोबाइल बघितला. कोणाचा फोन नाही.

दुपारी ती झोपली होती. हल्ली रोज दुपारी झोपते. पायाशी बसलो. नडगीवर अंगठा दाबला आणि सोडून घड्याळ लावलं. दहा सेकंद. वीस. चाळीस सेकंदांनीही खड्डा तसाच. दुसऱ्या पायावर करून पाहिलं. तोच प्रकार. दिवसभर उभी असते, त्यानं असेल. माझ्या पायावर दाबून पाहिलं — लगेच भरून आलं.

मला भीती वाटते आहे. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

१४ नोव्हेंबर

एका काट्यावर निकाल द्यायचा नाही, हेही खात्याचंच. दुसरी लॅब बघायची. शंकर नगरातली नको, त्या डॉक्टरशी काही संबंध नसलेली. आणि या वेळी दोन बाटल्या. माझी माझ्या नावानं, विमलाची देवीदासच्या नावानं. लॅब लबाड असेल तर दोन्हींत आजार दाखवेल. देवीदास म्हणाला, "माझ्या नावानं काहून? मरायला लावतो का मले?" मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हव, लिही बाबा."

१५ नोव्हेंबर, शनिवार

विमलाला सांगितलं, पहिली बाटली सांडली होती, पुन्हा पाहिजे. याही वेळी काहून नाही! भरून दिली. बाटल्या मी बाजारातून विकत आणल्या होत्या. गरम पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून. साबण असणं शक्यच नाही.

विमलाच्या बाटलीत फेस. माझ्या नाही.

पुरानी बस्तीतल्या लॅबमध्ये दोन्ही दिल्या. परत येताना महामाया मंदिरापाशी थांबलो. आत गेलो नाही. काय मागायचं? लॅब खोटी निघू दे, असं मागायचं?

१६ नोव्हेंबर, रविवार

लॅब बंद. तिची भाकरी आज अर्धीच संपली. तोंडाला चव नाही म्हणते. शिशिरनं विचारलं, "मम्मी, तबियत ठीक है?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे रे."

जिन्याच्या पायरीवर बसली होती ती त्या दिवशी. डॉक्टर वर होता. वीस पायऱ्या होत्या फक्त.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रिपोर्ट आले. माझा स्वच्छ. देवीदासच्या नावाचा — प्रोटीन तीन प्लस, लाल पेशी. दोन लॅब, दोन नावं, बाटल्या वेगळ्या, आकडा एकच.

लॅब खरी आहे. सहा दिवस ती चिठ्ठी माझ्या खिशात पडून आहे. शिशिरला फोन केला, सगळं सांगितलं. तो मराठीत म्हणाला, "बाबा, उद्याची वेळ घेतो मी."

१८ नोव्हेंबर

सकाळी विमलाला सांगितलं. दोन्ही बाटल्या तुझ्याच होत्या, नावं मी बदलली होती, माफ कर. ती वेणी घालत होती. म्हणाली, "ठाऊक आहे मले. तुम्ही पहिली बाटली मागितली तेव्हाच समजलं. म्हणून तर गुपचूप भरून दिली. तीन महिने झाले, फेस मलेबी दिसून राहिला होता. मी सांगितलं असतं तर मानलं असतं का तुम्ही?"

नसतं मानलं. ऑटो आला आहे.