गुरुवारचं बंद दार

४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी पाठ आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पण गणवेशांचा पुढचा ढीग आला की तू पुन्हा मशीनवर वाकून बसशील आणि मग मलाच लिहिशील की पाठ दुखते. तुझं हे चक्र मला पाठ आहे.

आता माझी बातमी. आमचं चष्म्याचं दुकान मालकांनी विकलं. इतकी वर्षं लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवल्या, आता त्या काचेच्या कपाटांत मोबाइलची कव्हरं लागतील. दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडले, तिसऱ्या दिवशी उठून हेल्थ कोचच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. या वयात वर्गात बसायचं म्हणजे हसू येणारच, तूही हसून घे. आमच्या बाई म्हणतात की डॉक्टर सांगतात, माणूस हो म्हणतो आणि घरी येऊन जेवायला बसला की विसरतो. त्या 'हो'पासून ताटापर्यंत जो सोबत येतो तो कोच.

अभ्यास जमतोय. साखर, रक्तदाब, झोप हे सगळं पुस्तकात आहे. जे जमत नाही ते वेगळंच. इथे उपदेश करायचा नाही. प्रश्न विचारायचा आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं. ताई, मला घरात सगळे रेडिओ म्हणतात हे मी बाईंना अजून सांगितलेलं नाही.

एक काम आहे. प्रमाणपत्रासाठी मला तीन महिने दर गुरुवारी एका माणसाशी फोनवर बोलायचंय. आपल्या घरात राहणारं नको, नात्यातलं चालतं. भाऊजींना विचारशील का? त्यांच्या साखरेचं निमित्त आहेच. बोलणं रेकॉर्ड होईल आणि फक्त बाई ते ऐकतील. बाकी भाऊजी जे सांगतील ते माझ्यापाशीच राहील, तसा नियम आहे.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी धाकटी


१३ जानेवारी

चि. रेडिओस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ह्यांना सांगितलं की धाकटी आता गप्प बसण्याचं शिक्षण घेणार आहे. हे इतके हसले की हातातला स्प्रिंगचा काटा पडला. मग म्हणाले की अशा चमत्काराला आपला हातभार लागत असेल तर मी तयार आहे.

तर ने बाई ह्यांना. बाजारातले सगळे वजनकाटे ह्यांच्या हातून सरळ होतात, पण स्वतः काट्यावर उभं राहायचं म्हटलं की ह्यांना कुठलं तरी काम आठवतं. डॉक्टरांनी सांगून वर्षं झाली. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी मी मशीन थांबवते, ह्यांच्या समोर उभी राहते, हातातला साखरेचा चमचा काढून घेते. डोळ्यांचं सांगते, पायांचं सांगते, शेजारच्या मास्तरांचं काय झालं ते सांगते. हे मान डोलावतात आणि मी वळले की दोन चमचे घालतात. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. जिथे मी हरले तिथे तू प्रश्न विचारून काय करणार, ते बघूच.

तुझं वय काढू नकोस. मी तुझ्याहून मोठी आहे हे तेवढ्यासाठी पुन्हा मोजावं लागतं. जेवत जा वेळेवर, दुसऱ्यांना शिकवायला निघालीस म्हणून सांगते.

जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं अभिनंदन करायला बसले आहे, पण हात जरा जडच आहे.

ह्यांनी साखर सोडली. बिनसाखरेचा चहा पितात, तोंड वाकडं न करता. सकाळी उठून कालव्याच्या पुलापर्यंत चालून येतात. समोरची दुकानदारीण परवा मला म्हणाली की तुमच्या बहिणीने जादू केली. मी हसले. घरी येऊन कात्री अशी आपटली की टेबलाला खाच पडली.

मी इतकी वर्षं डोकं फोडलं, आणि तू गुरुवारी पाऊण तास बोलतेस आणि हे चालायला लागतात. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. शिवाय गुरुवार आला की हे मागच्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. आमच्या घरात ते दार कधी लागत नव्हतं. त्याची कडी गंजलेली होती, ह्यांनी तिला तेल दिलं. आतून ह्यांचं बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. सलग बोलतात, धाकटे. माझ्याशी हे दोन वाक्यांच्या पुढे जात नाहीत. एकदा बराच वेळ काहीच आवाज नव्हता आणि बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, सर्दी.

संध्याकाळी चहा होतो. मी समोर उभी राहते आणि बोलायला काही सुचत नाही, म्हणून पुन्हा मशीनवर जाऊन बसते.

सरळच विचारते. हे तुझ्याशी काय बोलतात? नियम बाहेरच्यांसाठी असतात. मी बायको आहे आणि तुझी बहीण आहे. दोन ओळी लिही, मी कोणाला सांगणार नाही.

वाट बघते.

तुझी ताई


१ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन बसले आणि मला आठवलं की लहानपणी तुझं गुपित माझ्या पोटात संध्याकाळपर्यंतही टिकायचं नाही. आईला नुसतं माझ्याकडे बघावं लागायचं. तेव्हा तू माझी वेणी ओढायचीस. आज मी सांगत नाही म्हणून ओढशील.

ताई, मी नाही सांगू शकत. दोन ओळी नाहीत, एक शब्दही नाही. तू बायको आहेस म्हणून तर मुळीच नाही. त्यांनी ते माझ्यापाशी ठेवायला दिलंय, ते माझं नाही की मी वाटून टाकावं. हवं तर त्यांनाच विचार.

तुला वाटेल हिला शिंगं फुटली. उलट रोज माझीच खोड मोडतेय. बाईंनी पहिलं रेकॉर्डिंग ऐकून मला विचारलं की प्रश्नही तुम्हीच विचारलात आणि उत्तरही तुम्हीच दिलंत, मग त्या गृहस्थांना फोन कशाला केलात. वर्ग हसला. त्या दिवसापासून प्रश्न विचारला की मी उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट घट्ट धरते आणि थांबते. सुरुवातीला ती शांतता मला सहन होत नसे. आता कळतंय की माणूस पहिलं बोलतो ते लोकांसाठीचं असतं, आणि खरं त्याच्या मागे रांगेत उभं असतं. मी आजवर कोणाला त्या दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं. तुलाही नाही.

रागावू नकोस. कात्री टेबलाऐवजी माझ्या नावाने आपट, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी


१० मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझा सल्ला मानला. तू म्हणतेस तसं प्रश्न विचारून गप्प बसायचं ठरवलं. संध्याकाळी ह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि विचारलं की तुम्हाला सध्या कसं वाटतं. हे म्हणाले, ठीक. मी गप्प. हे बघायला लागले. मी मनगट धरून गप्पच. चहावर साय आली. शेवटी ह्यांनी घाबरून विचारलं की डॉक्टरांचा फोन आला होता का, तुला काही कळलंय का. मग उठून माझ्याच कपाळाला हात लावून पाहिला. झालं माझं कोचिंग.

हे वाचून तू हसशील, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आता जे आहे ते लिहिते. मला तुझा मत्सर वाटतो. नुसता राग नाही, पोटात दुखतं माझ्या. लहानपणी तू लहान म्हणून खिडकीजवळची जागा तुझी, तू लहान म्हणून नवा कोट तुझा. मी मोठी म्हणून समजूतदार. तेही चालवून घेतलं. पण हा माणूस माझा आहे. हा अबोल म्हणून मी त्याच्या गप्प बसण्याबरोबर संसार केला, आणि तो अबोल नव्हताच. त्याला नुसतं माझ्याशी बोलायचं नव्हतं. मी बीळ खणलं आणि आयता नागोबा आत जाऊन बसला. तुझ्या शब्दावर त्याने साखर सोडली, माझ्यावर तेवढाही जीव नव्हता का त्याचा?

मी ह्यांना सांगितलंय की गुरुवारचा फोन बंद. हे नुसतं बरं म्हणाले. तू दुसरं कोणी शोध. जगात साखरेचे लोक खूप आहेत.

यापुढे लोभाचं काय लिहायचं ते मला कळत नाही.

ताई


१७ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी फोन लावला. भाऊजींनी तो उचलून तुम्ही बऱ्या आहात ना एवढं विचारलं आणि आता जमणार नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुला माहीत असावं म्हणून लिहिते, दबाव म्हणून नाही. मध्येच सुटलेली माणसं धरत नाहीत, त्यामुळे ह्या वेळी मला प्रमाणपत्र मिळणार नाही. बाईंनी विचारलं की बहिणीला दोन शब्द सांगून प्रकरण मिटवलं असतंत तर कोणाला कळलं असतं. मी म्हटलं, मला कळलं असतं. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची सरकवून दिली. ताई, पूर्वीची मी असते तर एका दमात सगळं सांगून मोकळी झाले असते, आणि आपण दोघी आज गोड असतो. पण मग मी जे व्हायला निघालेय ते कधीच होणार नाही. चष्म्याचं दुकान गेल्यावर माझ्यापाशी एवढंच उरलंय.

तू पोटातलं लिहिलंस, आता माझंही ऐक. माझ्याही पोटात दुखतं. तुला माझ्या पाऊण तासाचा हेवा वाटतो, मला तुझ्या बाकीच्या सगळ्या तासांचा वाटतो. गुरुवारी फोन ठेवला की माझ्या घरात फक्त फ्रीजचा आवाज असतो. दिवसभर मी ऐकायला शिकते, आणि घरी आल्यावर एक माणूस नाही की ज्याला आज भाजी करपली एवढं सांगावं. तू ज्याच्यावर चिडतेस तो तुझ्या हातचा चहा पितो.

भाऊजींना नाही, पण तुला एक प्रश्न विचारायला मला बंदी नाही. इतकी वर्षं तू सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही असं तू म्हणतेस. मग फोन बंद कर म्हटल्यावर तो त्याच दिवशी कसा काय बंद केला?

उत्तर मला पाठवायची गरज नाही. तुझी माया मी गृहीत धरूनच बसले आहे, ती मोडू नकोस.

तुझी धाकटी


२६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मशीनच्या खणात टाकलं. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण तो प्रश्न काही खणात राहीना. एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग मशीन थांबवलं आणि गेले ह्यांच्याकडे.

हे काट्याचं झाकण उघडून बसले होते. मी उभ्या उभ्याच तुझा प्रश्न विचारला. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि मला बसायला सांगितलं.

म्हणाले की फोन बंद केला कारण तुला खरंच त्रास होत होता, त्यात विचार करायचं काय होतं. आणि साखरेचं विचारलं तर आधी सगळे स्क्रू गोळा केले. मग म्हणाले की तू दिवसभर मशीनवर, रात्री मशीनवर, जेवताना हिशेब डोक्यात. चहाच्या वेळी तेवढं मशीन थांबायचं, तू माझ्यासमोर उभी राहायचीस आणि माझ्याशी बोलायचीस. साखर सोडली असती तर तू कशावर बोलली असतीस? म्हणून सोडली नाही.

मी विचारलं, मग आता का सोडली. तर म्हणाले की पाय बधिर होतात, ते तुला सांगायचं धाडस झालं नाही. उद्या अंथरुणावर पडलो तर तू बोलशील, पण आजाऱ्याशी बोलतात तसं. ते मला नको होतं. आणि साखर सोडली तर तेच झालं जे वाटलं होतं. चहा समोर ठेवतेस आणि मशीनवर जातेस. चहाचं आणि पायांचं तुझ्या बहिणीला दुसऱ्याच गुरुवारी सांगितलं होतं, असंही म्हणाले.

म्हणजे तुला हे ठाऊक होतं, आणि मी तुला नागोबा म्हणत होते तेव्हाही तू तोंड उघडलं नाहीस. तुझ्या जागी मी असते तर उलट टपाली सगळं लिहून तुझं तोंड बंद केलं असतं.

काल पायांसाठी ह्यांना डॉक्टरांकडे नेलं. औषध बदललंय, चालणं चालू ठेवा म्हणाले. आज सकाळी पुलापर्यंत मीही गेले. हे फार हळू चालतात, वाटभर त्यावरून बोलले. हे काही वेगाने चालले नाहीत, मुद्दाम.

पण एक खरं सांगते. हे त्यांनी आधी तुला सांगितलं. माझ्याविषयीची गोष्ट माझ्याआधी तुझ्या कानावर पडली. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. मोठ्या मनाने विसरले असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तू आता खोटं ओळखतेस.

ह्या गुरुवारी हे फोनपाशी बसतील. तीन आठवडे हुकले ते पुढे भरून घेता येतात का, तुझ्या बाईंना विचार. न आल्यास पुढच्या वेळी पहिल्यापासून हेच बसतील, मी कबूल करून घेतलंय. दार खुशाल लावून घ्या. तुमचं झालं की फोन ठेवू नकोस, मला बोलव. तुझ्या घरातलं फ्रीजचं मी वाचलं होतं, आणि रागाच्या भरात तशीच पुढे गेले. ह्यांचं तू ऐकतेस, बाई तुझ्या चुका ऐकतात. तुझं कोण ऐकतं हे मोठी बहीण असून मी कधी विचारलं नाही. मला तुझ्यासारखे प्रश्न येत नाहीत. मी मशीन बंद करून नुसती बसेन. भाजी करपल्याचं सांग, काहीही सांग.

माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस. मी तुझ्यावर जळेनही, पण फोन मीच उचलेन.

तुझी ताई