सगळ्यांच्या पुढे

प्रिय सौ.,
लेकीकडे मी खुशाल आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी भाजी आणून देतात ना?

रविवारी लेकीच्या दवाखान्यातल्या मंडळींबरोबर रानातल्या ओढ्याच्या काठाकाठाने उगमापर्यंत चालत गेलो. पाठांतराला बसलेल्या वर्गासारखा ओढा सारखा पुटपुटत होता. नर्सबाईंनी मला सगळ्यांच्या पुढे चालायला सांगितलं. मला वाटलं, वयाचा मान असेल. मग काय, चौथीतली कविता चालीवर म्हणत ऐटीत निघालो. दम लागला म्हणून दोनदाच बसलो, तर मागची सगळी रांगही बसली.

परतताना लेक हसली. "बाबा, मान कसला? जो सगळ्यांत हळू चालतो त्याला पुढे ठेवतात. म्हणजे कुणी मागे राहत नाही."

खोटं कशाला सांगू, तोंड उतरलं माझं. मग तू आठवलीस. ‘माझ्या पायांमुळे सगळ्यांचा खोळंबा होईल’ म्हणत तू तिकीट काढू देत नाहीस. अगं, इथे सगळे तुझ्या चालीने चालतील. तू ये. पहिला नंबर तुझा. शाळेत कधी मिळाला नाही तो दुसरा मी घेईन.

तुझाच,
तूर्त पहिला