डिस्क वापरात आहे

५ जानेवारी, सोमवार

आज कामावर रुजू झाले. वैदेहीला शाळेत सोडलं आणि नव्या पेठेतून चालत कॉलेजला आले. दुकानांची शटरं वर जात होती. एका कापडवाल्याने पायरीवर पाणी मारलं, ते माझ्या चपलांवर उडालं. तो ओशाळला, मी हसले. कोणालाही न सांगता मी एका रस्त्याने चालत होते. आनंद झाला. तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून ही वही घेतली.

नेमणूक अनुकंपा तत्त्वावर आहे. माझा नवरा ऋतुराज इथल्या संगणक लॅबचा सहायक होता. दिवाळीआधी लॅबमध्येच, खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय बंद पडून गेला. त्याच्या जागी मी. लोकांसमोर मी त्याला ‘हे’ म्हणते. इथे ‘तो’ लिहीन.

स्टाफरूममध्ये सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलले. प्राचार्या राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, इतका सज्जन माणूस आम्हाला पुन्हा मिळायचा नाही. मी मान खाली घातली. आमच्या घरमालकीण शिवबाईही खालच्या ओट्यावरून रोज हेच ऐकवतात. “लई देवमाणूस हुता बग. कदी आवाज चढला न्हाई.” खरं आहे. आवाज चढवायची त्याला गरजच पडली नाही.

स्वयंपाकघरात त्याने कॅमेरा लावला होता. लॅबमध्ये बसून तो घर बघायचा. बाहेरून आलो, ताटं वाढली, दाराला कडी लावली, की आम्ही दोघींनी कॅमेऱ्यापुढे येऊन उभं राहायचं. चुकलं तर लॅबच्या फोनवरून फोन यायचा. कुठे आहेस? एवढंच. मी सांगेपर्यंत तो काही बोलायचा नाही.

तेरावा झाला आणि मी स्टुलावर चढून कॅमेरा खिळ्यांसकट उपटला. भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला. वायरही टाकली. वैदेही चौथीत आहे. तिने विचारलं, आता घरात नाचलं तर चालेल का? चालेल म्हटलं.

६ जानेवारी

काम कळलं. लॅबमधली मशिनं जुनी आहेत, नवी विंडोज त्यांच्यावर चढत नाही. नवी घ्यायला संस्था तयार नाही. म्हणून सगळ्यांवर लिनक्स टाकायचं. मॅडमनी विचारलं, जमेल का. बार्शीला बी.एस्सी. कॉम्प्युटर केलंय, पहिल्या वर्गात, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, सर कधी बोलले नाहीत.

नाही बोलायचा.

शिपाई नंदू दुपारी जेवायला जाताना लॅबच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून गेला. मी आत होते. परत आल्यावर जाब विचारला तर म्हणाला, “सरांचा नियमच हाय की मॅडम. न्हाईतर पोरं घुसत्यात. सर बी आतच बसायचे.” उद्यापासून लावू नकोस म्हटलं. त्याने मान हलवली.

जमलं. पहिलं मशिन संध्याकाळपर्यंत झालं. नव्या पडद्यावर काहीच नसतं. किती छान दिसतं ते.

९ जानेवारी

नंदू कुलूप लावतोच. मान हलवतो आणि लावतो.

सगळी मशिनं झाली, सात नंबर सोडून. सात नंबर त्याचं. इन्स्टॉलेशन सुरू होतं, भाषा विचारतं, कीबोर्ड विचारतं, आणि डिस्कच्या पायरीवर येऊन थांबतं. गोल फिरत राहतं. एरर नाही, काही नाही. पेनड्राइव्ह पुन्हा बनवला. दुसऱ्या पोर्टला लावला. मेमरीची पट्टी बदलली. बायॉसमध्ये डिस्कची सेटिंग बदलून पाहिली. गोल फिरतंच आहे.

त्याची खुर्ची मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. मी स्टुलावर बसते.

१० जानेवारी

कारण सापडलं. काळ्या पडद्यावर जाऊन लॉग वाचला. डिस्कवरची विंडोज बंद झालेली नाही, हायबरनेट झाली आहे. म्हणजे निजली आहे. त्या दिवशी त्याला उचलून नेलं आणि मशिनकडे कोणी पाहिलं नाही. वाट बघून ते आपोआप निजलं. निजताना उघडं असलेलं सगळं जसंच्या तसं डिस्कवर ठेवून देतं. पुन्हा उठवलं की तिथूनच पुढे.

त्याचा तो दिवस अजून संपलेला नाही. तोवर लिनक्स त्या डिस्कला हात लावायला तयार नाही. डिस्क वापरात आहे, असं म्हणतं.

१२ जानेवारी

डिस्क नुसती वाचता येते. सगळं बाहेर कॉपी करून घेतलं. पण प्रात्यक्षिकांचे मार्क त्यात नाहीत. मॅडम म्हणाल्या, शेवटच्या दिवशी सर तेच भरत बसले होते. म्हणजे सेव्ह न केलेले मार्क त्या झोपेत आहेत. मशिन त्याच्या पासवर्डने उठवल्याशिवाय ते मिळणार नाहीत.

मॅडमनी स्पष्ट सांगितलं. माझा दीर युवराज संस्थेत दोनदा येऊन गेला. विधवा बाईला कशाला त्रास, ही जागा मला द्या, म्हणतो. संस्थेतल्या काही जणांना ते पटतंही आहे. मार्क मिळाले तर मला कायम करायचं त्या बघतील.

जागा गेली तर आम्ही दोघी युवराजच्या घरात. तो आत्ताच विचारतो, वैदेही कुठे असते दुपारची.

१३ जानेवारी

उद्यापासून यात्रेची सुट्टी, म्हणून कॉलेजमध्ये आजच तिळगूळ वाटला. हळदीकुंकवाचं बोलावणं देताना बाया माझ्या टेबलाला वळसा घालून गेल्या.

मी ठरवलं. झोपेची फाइल पुसून टाकायची आज्ञा असते. न सेव्ह केलेलं सगळं जाईल, असं ती बजावते. मार्क गेले म्हणून सांगायचं, बोलणी खायची. पण त्याला उठवायचं नाही. एंटर दाबलं. काम झाल्याचं पडद्यावर आलं.

इतक्या सहज. घरी येताना वैदेहीला गड्ड्यावर, यात्रेच्या मैदानात, नेलं. मोठ्या पाळण्यात ती वरून ओरडत होती, मीपण ओरडले.

१७ जानेवारी

यात्रेची सुट्टी संपली. सात नंबर सुरू केलं. डिस्क वापरात आहे.

लॉग पाहिला. मशिन पुन्हा निजलेलं आहे. झोपेची तारीख दिवाळीआधीची नाही. काल दुपारची आहे. काल कॉलेज बंद होतं.

नंदू म्हणतो, किल्ली त्याच्या कमरेला होती आणि तो दिवसभर यात्रेत होता. “तुमीच आला आसाल मॅडम. आमाला काय कळतंय त्यातलं.”

मग खुर्ची सात नंबरपुढे कोणी आणली. सीट खाली केलेली आहे. माझे पाय जमिनीला टेकतात, त्याहून खाली. तो ठेंगणा होता.

१९ जानेवारी

उठवलं. दुसरा इलाज नव्हता. मॅडमनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती.

पासवर्ड. त्याच्या आईचं नाव, गाडीचा नंबर, वैदेहीची जन्मतारीख. नाही. मग सुचलं. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप केलं. कुठे आहेस.

उघडलं.

मार्कांचा तक्ता होता, मी पुसलेला, जसाच्या तसा. शेवटच्या नावापुढे मार्क नव्हते. तक्त्यामागे दुसरी खिडकी होती, पूर्ण काळी. खाली लिहिलेलं होतं, स्वयंपाकघर, सिग्नल नाही.

तक्ता सेव्ह केला. मॅडमना पाठवला. खिडकी बंद केली. लॉगआउट. शटडाउन. पंखा थांबेपर्यंत कानाने ऐकलं.

त्याचा दिवस मी संपवला. मॅडम छान म्हणाल्या. मला रडू आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, सरांची आठवण येणारच.

२० जानेवारी

घरी वैदेही नाचत नाही.

जेवायला वाढलं. ती उठली, भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. जिथे खिळ्यांची भोकं आहेत तिथे. मान वर करून. मी ओरडले. म्हणाली, अगं पण उभं राहायचं असतं ना.

भोकं साबण घालून बुजवली.

शिवबाई म्हणाल्या, दुपारी वर कोण येतं गं तुमच्याकडं? फरशीवर खुर्ची सरकती. आमच्याकडे खुर्ची नाही.

२१ जानेवारी

डिस्क पुसते आहे. मार्क मिळाले, आता कशालाच जपायचं नाही. वैदेहीला शाळेतून येऊन आतून कडी लाव, मी येईपर्यंत कोणालाही उघडू नकोस, असं बजावलं आहे.

पट्टी पुढे सरकते आहे. नंदू जेवायला गेला. कुलूप लावून.

थांबली. डिस्क वापरात आहे.

कोणाच्या. मी शटडाउन केलं होतं. मी ऐकलं होतं.

इन्स्टॉलेशनच्या मागे खिडकी उघडली. मी नाही उघडली. स्वयंपाकघर. काळं नाही. आमचा ओटा, कुकर, सकाळी मी उलटी घातलेली पातेली. वरून, त्या कोपऱ्यातून. कोपऱ्यात काही नाही. मी उपटलं. भंगारवाला घेऊन गेला. तारीख आजची.

मशिनची वायर ओढली. झाकण काढून डिस्क बाहेर काढली. माझ्या मांडीवर आहे, गरम आहे. चित्र तसंच.

तो इथे नाही. मी त्याला उठवलं. उठला आणि घरी—

वैदेही आली. दप्तर टाकलं. दाराला कडी लावली. मीच सांगितलं होतं तिला.

शिवबाईंना लॅबच्या फोनवरून फोन केला. वर जा म्हटलं, दार तोडा. जाऊन आल्या. मलाच रागावल्या, पोरीला काय शिकवलंस, दार उघडत नाही, आतून म्हणते पप्पा जेवायला बसलेत.

जाळी हलवली. हाका मारल्या. खाली कोणी नाही. मॅडमचा फोन लागत नाही. नंदूचा फोन त्याच्या टेबलावर वाजतो आहे, जाळीपलीकडे. मला दिसतो आहे.

ती ताटं घेते. दोन. एक ओट्यावर. एक खाली, भिंतीशी, जिथे हे बसायचे. वाढते आहे. भाजी, पोळी, पुन्हा पोळी. हे पुरे म्हणेपर्यंत वाढायचं असतं. मीच शिकवलं.

भिंतीशी कोणी नाही. ताटातली पोळी कमी—

वैदू बघू नकोस तिकडे. बाहेर ये. बाळा कडी काढ.

भिंतीकडे बघून मान हलवते आहे. हो म्हणते आहे. उठली. दाराकडे नाही, इकडे. कॅमेऱ्यापुढे आली. हात सरळ, मान वर, डोळे माझ्याकडे. बाजूला वळून काहीतरी ऐकते, पुन्हा माझ्याकडे.

लॅबचा फोन वाजतो आहे.

तिचे ओठ हलताहेत. आवाज नाही, पण कळतं. तिला सांगितलंय विचारायला. ती मला विचारते आहे, कुठे आ—