शंभर टक्के डिजिटल

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावरची माणसं लिहितात असं ऐकून आहे.
पद मिळालं. 'अंकुरवेल' या नव्या गुंतवणूक ॲपचा मी सोलापूर जिल्हा जनसंवाद प्रमुख. पगार नाही, पण मेअखेर दोनशे खाती उघडली की कायम नोकरी आणि महिना बारा हजार. टी-शर्ट आधीच आला. एक्सएल आहे. मी मीडियम. असू दे, पद वाढेल तसा अंगाला बसेल.
सोळा वर्षं भारतच्या रिक्षात माइक धरून बसलो. कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता, कुठून निघणार. अक्कलकोट रोडच्या सगळ्या गल्ल्यांना हे मीच सांगितलं आणि एकदाही वेळ चुकली नाही. एवढा विश्वास जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या आवाजावर आहे? दोनशे म्हणजे किरकोळ.
सिद्धेश्वरीला सांगितलं. बायको असून म्हणाली, बघा बाई, नंतर माझ्या नावानं ओरडू नका. दूरदृष्टीच नाही.

५ मार्च, बुधवार
मोबाईलवर ट्रेनिंग. अजिंक्य सर, पुण्याहून. वय असेल चोवीस. म्हणाले, प्रॉडक्ट नंतर, कम्युनिकेशन आधी. लोक पैसा ॲपवर टाकत नाहीत, सांगणाऱ्यावर टाकतात. लिहून घेतलं. खाली दोनदा रेघ मारली.
मी विचारलं, पैसा पुढे नक्की कशात जातो? सर म्हणाले, ग्रेट क्वेश्चन. तेवढ्यात नेट गेलं.
संकल्प: रोज अर्धा तास आरशापुढे स्माईलची प्रॅक्टिस. सिद्धेश्वरी विचारते, दाढ दुखतेय का?

८ मार्च, शनिवार
पहिली फेरी. कर्णा लावला. 'बंधू-भगिनींनो, एक अत्यंत आनंदाची बातमी' इथवर आलो आणि गल्लीतले यंत्रमाग थांबले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. दोघांनी भारतला विचारलं, कोण गेलं रं? आनंदाची म्हटलेलं कुणाच्या कानातच शिरलं नाही. परत येताना चौकात एक गडी हार घेऊन उभा. किती वाजता उचलणार, म्हणाला.
खाती: शून्य. पण पोहोच जबरदस्त.

११ मार्च, मंगळवार
आवाज बदलला. बारीक आणि फास्ट. सिद्धेश्वरीची बहीण गल्लीतच राहते. तिचा फोन आला, भाऊजींना बरं नाही का, रिक्षात बसून रडत चाललेत.
जुन्या आवाजावर परत आलो. ओरिजिनल ते ओरिजिनल.

१७ मार्च, सोमवार
टॉवेल कारखान्याच्या गेटवर जेवणाच्या सुट्टीत सभा. बावीस माणसं. पोर्टफोलिओ, केवायसी, ब्लॉकचेन, सगळं घेतलं. ब्लॉकचेन मलाही नीट माहीत नाही, पण आत्मविश्वासानं बोललो.
शिवराज म्हणून एक फिटर आहे तिथं. भाकरी हातात धरूनच विचारतो, भिशी बुडाली तर भिशीवालीच्या दारात जाऊन बसता येतं. ह्यात कुणाच्या दारात बसायचं? मी म्हटलं, ॲपमध्ये हेल्पचं बटण आहे. तर म्हणाला, बटणाला दार आस्तंय व्हय? बावीसच्या बावीस हसले. आमचा भारतसुद्धा.
गाढवापुढे वाचली गीता. नोंद: शिवराज नकारात्मक.

२४ मार्च, सोमवार
खातं उघडलं! पहिलं!
केराबाई. त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. मला गेटवर गाठून म्हणाली, माझं मालक गेलं तवा तुमीच पुकारलं हुतं. नावाच्या आधी कष्टाळू म्हणला हुतात. जल्मभर त्यास्नी कुणी आसं म्हणलं न्हाय. तुमच्यावर भरवसा हाय माझा.
कष्टाळू मी सगळ्यांनाच म्हणतो. कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी, हा सेटच आहे. पण ते सांगण्याची काही गरज नव्हती.
तिची पोरगी पायल बारावीला. तिला नर्सिंगला घालायचं, जूनमध्ये फी. त्यासाठी अडतीस हजार साठवलेत. म्हणाली, पैसं कुटं जातंय ते मला न्हाय कळत, तुमाला कळतंय की. मी म्हटलं, म्हणजे काय!
तिच्याकडे बटणाचा फोन. म्हणून खातं माझ्या मोबाईलवर, माझ्या नंबरनं उघडलं. पैसे रोख दिले, रुमालात बांधून. मी ऑनलाइन भरले. म्हणजे शेवटी व्यवहार शंभर टक्के डिजिटलच.
पैसे भरल्यावर स्क्रीनवर रंगीत कागद उडाले. लई झाक, म्हणाली केराबाई. महिन्याला अजून दोन हजार देणार आहे.

६ एप्रिल, रविवार
सरांचा मेसेज: सोलापूर इज मूव्हिंग! खाती एक. मी कळवलं, आपण संख्येपेक्षा खोलीवर भर देतोय. त्यांनी अंगठा पाठवला.

१९ एप्रिल, शनिवार
दर शनिवारी सुट्टीत केराबाईला ॲप दाखवतो. हिरवा बाण वर. दोन हजार आणखी घातले, आज एकेचाळीस हजार सहाशे. पदराला बोट पुसते आणि मगच काचेला लावते. शिवराज बघत होता. जळतात लोक.

२ मे, शुक्रवार
ऊन मरणाचं. केराबाईच्या खात्यातून पाचशे रुपये काढून बघितले, सहज, टेस्टिंग म्हणून. 'प्रक्रिया सुरू आहे' असं आलं. सुरू आहे म्हणजे चांगलंच.

९ मे, शुक्रवार
प्रक्रिया सुरू आहे.
सरांना अकरा फोन केले. मीटिंगमध्ये असणार. मोठ्या माणसांचे फोन बंदच असतात.

१५ मे, गुरुवार
प्रमुखांच्या ग्रुपमधून सर निघून गेले. बाकीचे तेहतीस जिल्हा प्रमुख एकमेकांना विचारतायत, कुणाला सर लागले का? मी लिहिलं, पॉझिटिव्ह राहा. त्यावर एकानं जे लिहिलं ते इथं लिहिणार नाही. आईवरून होतं.

१८ मे, रविवार
ॲप उघडलं की पांढरा स्क्रीन. मोबाईल जुना आहे माझा, त्याचं असेल. भारतच्या मोबाईलवर बघितलं. तिथंही पांढराच.

२० मे, मंगळवार
सिद्धेश्वरीनं सरळ सांगितलं. त्या बाईला आजच्या आज सांगा, तिला घेऊन पोलिसात जा, मी पण येते. मी म्हटलं, तुला कम्युनिकेशनमधलं कळत नाही, बातमी देण्याचं टायमिंग असतं. ती म्हणाली, मेलेल्या माणसाची बातमी तासाभरात देता, ही का देत नाही?
मला भीती वाटते. बास, लिहून टाकलं.
संकल्प: शनिवारी सांगायचं.

२४ मे, शनिवार
गेटपर्यंत गेलो. केराबाई बाहेर यायच्या आधीच भारतला म्हटलं, रिक्षा वळव. ऊन फार होतं.

३१ मे, शनिवार
आज दोनशेची मुदत संपली. खाती एक. तशी मुदत घालणाराच सापडत नाही म्हटल्यावर नापास तरी कोण करणार? गेटवर गेलो नाही. पोट बिघडलं होतं. खरंच बिघडलं होतं.
संकल्प: पुढच्या शनिवारी, काहीही झालं तरी. तीन मुद्दे कागदावर काढले. पहिला: माफी.

७ जून, शनिवार. दुपारी ३ वाजता
गेलो. कागद खिशात होता. केराबाई वाटच बघत होती. म्हणाली, फीची तारीख आली, आता काढा की पैसं. मी तोंड उघडलं. सर्व्हर डाऊन आहे, असं बाहेर पडलं.
मला वाटलं ओरडेल. रडेल. शिवराजला हाक मारेल. तर म्हणाली, आसंल. मशीनच हाय, बंद पडतंय. आमच्या हितंबी पडतंय. मग म्हणाली, पायल लई रडंल. पर ऱ्हाऊ द्या, औंदा कारखान्यात घालते तिला माझ्यासंगं, फुडल्या साली बघू. तुमी हाय म्हणून मला घोर न्हाय.
आणि कमरेची पिशवी काढून ह्या महिन्याचे दोन हजार दिले.
घेतले. नाही म्हटलं असतं तर तिला संशय आला असता. अंकुरवेल सुरू झालं की सगळ्यात आधी हेच भरायचे, असं ठरवलंय.

८ जून, रविवार
आठशे लाइटबिलाला गेले. उरलेले बाराशे तिचेच आहेत.