चिंचवडच्या वेळेचं घड्याळ

वासंती,

तू गाढ झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. शाळेत शिकवायला चाललोय, दोनपर्यंत येतो. शेगडी विजेची आहे, बंद केली तरी बराच वेळ तापलेली असते, हात लावू नकोस. डब्यातलं पांढरं पीठ मक्याचं आहे, तांदळाचं समजून उकड काढू नकोस. मी काढली होती.

पत्रांत मी घर जरा मोठंच लिहिलं. खोल्या दोनच आहेत. बाग म्हणजे खिडकीतल्या डब्यातली कोथिंबीर. ती तू काल आल्या आल्या पाहिलीसच.

भिंतीवरचं घड्याळ बघून दचकशील. ते साडेतीन तास पुढे आहे. दोन वर्षांपूर्वी झांबियात उतरलो तेव्हापासून ते चिंचवडच्याच वेळेवर चालतंय. इथे साडेअकरा होतात, वर्गात भूमिती चालू असते, आणि माझ्या कानात पिंपरीचा तीनचा भोंगा वाजतो. पहिली शिफ्ट सुटते, सायकलींची रांग आपल्या गल्लीतून जाते, तू चहाचं आधण ठेवतेस. खडू हातात तसाच राहतो. पोरं हसतात, "सर पुन्हा घरी गेले."

तुझ्या ट्रंकेचं कुलूप अजून तसंच आहे. घाई नाही. राहायचं ठरलं, तर घड्याळ इथल्या वेळेवर लाव, माझ्याने ते झालं नाही. आज सोमवार, घड्याळाला चावी द्यायचा दिवस. राहायचं नसलं, तरी चावी तेवढी दे. ते बंद पडलेलं मला बघवणार नाही.

अनंत