कलम पुरं वाचावं

बार्शीटाकळी, पौष वद्य द्वितीया, शके १७८६

प्रिय खुशालराव,

अर्जाच्या वर ‘मेहेरबान’ लिवायचं, खाली ‘ताबेदार’ लिवायचं आन् मधात रडगाणं लिवायचं नाही, हे तुमीच शिकवलं. पण हा अर्ज नाही, म्हणून ‘प्रिय’ लिवलं. आजवर ‘मुनशीजी’ म्हणत आली, ते सोडून आज नावानं लिवून राहिली, त्याचा राग मानू नका. त्याचं कारण आहे, ते शेवटी सांगतो. कचेरीची भाषा मले आता येते, पण ती लिवाले बसली की साहेबापुढं उभी असल्यावानी वाटते. त्यापेक्षा मळ्यात बोलतो तशीच बोलतो. मोडी अक्षर वाकडं दिसलं तर बोरूले दोष द्या, शिकवणाऱ्याले नाही.

इकडं सारं बरं आहे. मैना सात वर्षांची झाली, पुढचे दोन दात पडले आन् जीभ मोकळी सुटली. सासूबाईचे गुडघे दुखतात, तरी मोटेच्या बैलाशी भांडल्याबिगर त्यायचा दिवस जात नाही. वांगे औंदा लय आले. सातासमुद्रापार कोण्या मुलखात लढाई लागली म्हणून आमच्या गावात लोक बैलायच्या शिंगाले चांदी चढवून राहिले. ज्याले त्याले कपाशी पाहिजे. भाजी लावणारं कोणी उरलं नाही, म्हणून अकोल्याच्या बाजारात माही टोपली खाली ठेवायच्या आत रिकामी होते. कपाशीची भाजी होत नाही बाप्पा, हे लोकायले जेवाले बसल्यावर आठवते.

त्या टोपलीवरूनच तुमची आठवण आली. खोटं कायले बोलू, टोपली नसली तरी येते. मैनाचा बाप वारला त्या वर्षी माह्या दिरानं, किसनरावनं, मळ्यात येऊन सांगितलं का आमी दोघं भाऊ एकत्र होतो, मळा आता माहा, तुले भाकर भेटल, वांगे उपटून कपाशी लावतो. मी रडत तुमच्या कचेरीच्या ओट्यावर येऊन बसली होती. तुमी नकलनवीस, कागदाच्या नकला करणारे, मूळचे मोर्शीकडले माळी, आपल्याच जातीतले, एवढंच मले माहीत होतं. तुमी मान वर न करता म्हटलं का साहेबाले रडणं ऐकू येत नाही, पुरावा ऐकू येते. मले इतका राग आला होता का एक वांगं फेकून मारावं वाटलं. मंग तुमीच म्हटलं, सरकारी नोकराले कोणाची बाजू मांडता येत नाही, पण शिकवाले मनाई नाही.

दर बाजाराच्या दिवशी टोपली रिकामी झाली की कचेरीमागच्या लिंबाखाली माही एकटीची शाळा भरायची. लोकायच्या तोंडाले कोण हात लावते, म्हणून तुमच्या बहिणीले, पार्वताबाईले, तुमी जवळ बसवायचे. त्या सुपारी कातरायच्या आन् मी चुकली की माह्याआधी त्याच हसायच्या. पयल्याच दिवशी तुमी विचारलं का वऱ्हाड कोणाचं. मी म्हटलं, निजामाचं. मंग सारा कोण घेते? मी म्हटलं, इंग्रज. मंग मालक कोण? मी लय येळ विचार करून म्हटलं का हे त बटईच्या वावरासारखं आहे, मालक एक, वाहणारा दुसरा, आन् भांडण लागलं की वाहणाराच दारात उभा असते. तुमी हसले. त्याआधी मी तुमाले हसताना पाह्यलंच नव्हतं. तुमी म्हटलं, हेच लक्षात ठेव, कायदा निजामाच्या मुलखात इंग्रजाच्या हातचा, म्हणून इथं कोणतं कलम चालते हे आधी पाहावं लागते. आन् दुसरी गोष्ट सांगितली, ती तुमी हजारदा सांगितली असल, का कलम पुरं वाचल्याबिगर मत देऊ नये. अर्धं कलम वाचणारा माणूस अर्ध्या विहिरीत दोर सोडते.

पण खरा कठीण धडा तो नव्हता. तुमी साहेब व्हायचे, आवाज जाड करायचे आन् विचारायचे, नवऱ्याचं नाव काय. माह्या तोंडून नाव निघे नाही. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेते का? उखाण्यात घेते, लग्नात घेते, पण असं उघड्यावर? मी म्हणायची, मैनाचा बाप. तुमी म्हणायचे, मैना कोण? मी म्हणायची, माही पोरगी. पाच बाजार त्यातच गेले. सहाव्या बाजाराले तुमी साहेबाचा आवाज सोडून हळूच म्हटलं का सुभद्राबाई, नाव तोंडातल्या तोंडात ठेवलं त त्याचा मळाही तोंडातच राहील. तवा मी लिंबाकडं पाहून म्हटलं, सूर्यभान. आन् जे रडली ते त्याच्या मरणालेही रडली नव्हती. पार्वताबाईनं सुपारी बाजूले ठेवून मले जवळ घेतलं. तुमी पाठ फिरवून किती तरी येळ बोरूच तासत बसले.

खटल्याचं तुमाले माहीतच आहे, पण मले ते पुन्हा लिवाले आवडते. किसनराव म्हणे का भाऊ एकत्र होते. मी तुमी घोटवल्याप्रमाणं सांगितलं का चूल वेगळी, बैल वेगळे आन् विहिरीच्या मोटेची पाळी वेगळी, तीन दिवस त्याचे, तीन दिवस आमचे, सातवा देवाचा. आन् आमच्या दिवशी त्यानं मोट लावली म्हणून भावाभावात पंचापुढं भांडण झालं होतं, ते पंच बाहेर बसले आहेत. जो एकत्र आहे तो स्वतःच्याच पाण्यासाठी भावाशी कायले भांडल? साहेबानं किसनरावले विचारलं, भांडण झालं का. तो इमानदार माणूस आहे, रागीट आहे पण खोटा नाही. हो म्हटलं त्यानं. मळा माह्या नावानं चढला. मी बाहेर आली त तुमी खिडकीत नक्कल करत बसले होते, वर पाह्यलं नाही, पण बोरू थांबला होता.

त्यानंतर शिकवणीची काही गरज नव्हती. तरी मी दर बाजारी आली, आन् तुमी एकदाही विचारलं नाही का आता कायले येतं. कोणाचं दस्त, कोणाची सरहद्द, शिकवाले काहीतरी निघतच होतं. मंग मागच्या आखाडात तुमी ती इंग्रजी छप्पन सालच्या पंधराव्या कायद्याची नक्कल आणली, विधवेच्या दुसऱ्या लग्नाची. म्हणे हा कायदा कंपनीच्या मुलखाचा, पण साहेब इथंही त्याच धोरणानं चालते. वाचाले लागले. विधवेनं दुसरं लग्न केलं त पयल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपते. एवढं वाचलं आन् थांबले. आपल्यात विधवेचा पाट लावतात, त्या लग्नाचीही तीच रीत, असं म्हटलं. कागद माह्या टोपलीत ठेवला, डोक्यावर पागोटं घातलं आन् उठले. पंधरा दिवसांनी तुमची अमरावतीले बदली झाल्याचं कळलं. सारे म्हणत बढती झाली. पार्वताबाई मेथी घ्यायच्या निमित्तानं घरी आल्या, तवा त्यायनं सांगितलं का बदली तुमीच मागितली, आन् दोन स्थळं आली ती तुमी पाह्यलीही नाहीत. मी मेथी मोजता मोजता चुकली. त्या दिवशी मले समजलं का तुमी मले कायदा वाचून दाखवला नव्हता. तुमी मनातलं सांगून टाकलं होतं, आन् त्याच तोंडानं माह्यावतीनं नाही म्हणून गेले. मळा माहा आन् लेकीचा जीव आहे, तो किसनरावच्या हाती जाऊ नये, म्हणून.

खुशालराव, मी तुमच्यावर लय रागावली. मले न विचारता माहा निकाल देणारे तुमी कोण? मंग तो कागद काढला आन् रोज मोट चालू असताना थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडते तिथं, बसून वाचला, अक्षर अक्षर लावत. तुमीच शिकवलं होतं कलम पुरं वाचावं, आन् तुमीच अर्ध्यात थांबले. पुढं लिवलं आहे का तिचा हक्क संपते, जणू ती त्या वक्ती मेली असं समजून, आन् मयत नवऱ्याचा जो पुढचा वारस असल त्याले मिळकत जाते. पुढचा वारस. मी ते वाचून बैलाले ‘हो’ म्हणून थांबवाले विसरली, पाणी सारं पाटाबाहेर गेलं. वेगळ्या निघालेल्या माणसाची बायको मेली, पोरगा नाही, त पुढं कोण? भाऊ नाही, लेकी. हे तुमीच लिंबाखाली शिकवलं होतं. तरी खात्री पाहिजे म्हणून मी अकोल्याले जाऊन तुमच्या जागेवरच्या माणसाले सहज विचारलं का एखादी बाई मेली, मागं फक्त पोरगी, त मळा कोणाच्या नावानं चढते. तो म्हणते, पोरीच्या, यात विचारायचं काय. म्हणजे मी पाट लावला का मळा मैनाचा. किसनरावचा नाही.

सासूबाईले सांगितलं. मले वाटलं होतं त्या रडतील, का बोलतील. त्यायनं सगळं ऐकून घेतलं आन् म्हणे, कायद्यानं सून मरून राहिली त मी सुतक धरू का? मंग माह्या डोक्यावरून हात फिरवून म्हणे, मैनाची पालक मी राहतो, मळा मी पाहतो, सून गेली त लेक म्हणून लावून देतो. तीन वर्षं ज्या मळ्यासाठी भांडली, त्यावरून माहं नाव जाईल. वाईट वाटते, नाही कायले म्हणू. पण लेकीच्या मळ्यात वांगे तोडाले मले कोण्या कलमाची मनाई आहे? अकोल्याच्या कचेरीत तो नवा माणूस परत नागपूरले जाऊन राहिला, जागा रिकामी होते. बदली मागता येते तुमाले, मागच्या येळीही मागितलीच होती.

आता सांगतो नावानं कायले लिवलं ते. पाट अंधाऱ्या पाखात लागतो, तर माघ वद्य पंचमीची तारीख ठरवली आहे. पेशीले हजर राहावं. तुमचं उत्तर नाही असलं तर कागद फाडून टाका, मी मुनशीजी म्हणत राहीन आन् मेथी पाठवत राहीन. पण हो असलं, तर पंचमीनंतर मले तुमचं नाव घेता येणार नाही. साहेबानं विचारलं तरी घेणार नाही, पाच बाजार लागो का पन्नास. म्हणून या पत्रात एकदा घेऊन घेतो, लिंबाकडं न पाहता. खुशालराव. खुशालराव. खुशालराव.

तुमचीच,
सुभद्रा